पाण्याचं मीटर बदलायला येणार आहेत? आदल्या रात्रीपासून दुसऱ्या बिलापर्यंत काय काय करायचं

मीटर बदलायला माणूस येणार असेल, त्याच्या आदल्या रात्री जुन्या मीटरचा फोटो काढून ठेवा. या लेखातलं बाकी काही जमलं नाही तरी एवढं नक्की करा. फोटोत तीन गोष्टी स्वच्छ वाचता आल्या पाहिजेत: काळे आकडे, लाल आकडे आणि मीटरच्या अंगावर कोरलेला क्रमांक. काच मळकट असेल तर ओल्या फडक्याने पुसा, टॉर्च तिरपी धरा, म्हणजे काच चमकणार नाही. उद्या हे मीटर काढून गोणीत टाकतील आणि घेऊन जातील. त्यानंतर त्याच्यावरचा शेवटचा आकडा काय होता, हे सांगायला तुमच्याकडे या फोटोशिवाय काही उरणार नाही.

नवीन बसणारं मीटर बहुधा दूरवाचन मीटर असतं, म्हणजे आपला आकडा रेडिओने स्वतःच पाणीपुरवठा कार्यालयाला कळवणारं. ते बसलं की आता मीटरकडे बघायची गरज संपली, असं बहुतेकांना वाटतं. मला हा समज धोक्याचा वाटतो. रेडिओने कार्यालयात पोचतो तो मीटरवरच्या आकड्याची नक्कल असते. ती बहुतेक वेळा बरोबर असते. पण जेव्हा चुकते, तेव्हा मूळ आकडा वाचता येणारं कुणीतरी घरात असावं लागतं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आत नेमकं काय बदलतं

दूरवाचन मीटरमध्ये दोन वेगळी कामं असतात: पाणी मोजणं आणि मोजलेला आकडा बाहेर पाठवणं. काही शहरांत जुनंच मीटर ठेवून त्यावर फक्त रेडिओ मॉड्यूल, म्हणजे आकडा पाठवणारा भाग, बसवतात, काही ठिकाणी अख्खं मीटर बदलतात. तुमच्याकडे यातलं काय होणार आहे ते आधी विचारून घ्या.

जुन्या मीटरमध्ये बहुधा एक लहानसा पंखा असतो. पाणी आलं की तो फिरतो आणि दातेरी चाकांमधून त्याचे फेरे आकड्यांपर्यंत पोचतात. वर्षानुवर्षं फिरून त्याचा टेकू झिजतो, क्षारांचा थर बसतो, वाळूचे कण अडकतात, आणि पंखा जड होतो. मोठ्या धारेला तो फिरतोच, पण बारीक धारेला जागचा हलत नाही. म्हणून म्हातारं झालेलं मीटर सहसा कमी मोजतं.

नव्या मीटरांपैकी बऱ्याच मीटरांत फिरणारा भागच नसतो. अल्ट्रासॉनिक मीटरमध्ये दोन संवेदक समोरासमोर असतात. ध्वनीचा एक स्पंद पाण्याच्या प्रवाहाबरोबर जातो, दुसरा प्रवाहाच्या उलट. बरोबर जाणारा किंचित आधी पोचतो. हा फरक सेकंदाच्या अब्जाव्या भागांत मोजावा लागतो, आणि त्यावरून पाण्याचा वेग निघतो. झिजायला काही नाही, त्यामुळे अगदी बारीक धारही नोंदली जाते.

ही बारीक धार किती बारीक, ते मीटरवरच लिहिलेलं असतं. आयएसओ ४०६४ या मानकानुसार मीटरवर 'क्यू-३' म्हणजे नेहमीचा कमाल प्रवाह आणि 'आर' हे गुणोत्तर छापतात. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की मीटर ज्याची हमी देतं तो किमान प्रवाह मिळतो. घरगुती मीटरचा क्यू-३ बऱ्याचदा ताशी २.५ घनमीटर, म्हणजे २,५०० लिटर असतो. आर ८० असेल तर किमान प्रवाह ताशी सुमारे ३१ लिटर. आर ४०० असेल तर जेमतेम सव्वासहा लिटर. मधली सगळी गळती आजवर मोजलीच जात नसेल, तर ती उद्यापासून मोजली जाईल. 'नवीन मीटर पळतं' अशा ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या कित्येकांचं मूळ इथे आहे.

आकडा बाहेर पाठवायचे तीन प्रकार सर्रास दिसतात. पहिल्यात कर्मचारी हातात यंत्र घेऊन रस्त्याने चालत जातो किंवा गाडी फिरवतो, आणि मीटर दर काही सेकंदांनी आपला आकडा सांगत असतं. दुसऱ्यात उंच खांबांवर संदेश टिपणारी यंत्रं बसवलेली असतात आणि मीटर दिवसातून काही वेळा त्यांच्याशी बोलतं, लोरावॅन नावाचं रेडिओ जाळं त्यातलंच. तिसऱ्यात मीटर थेट मोबाइलच्या जाळ्यावरून माहिती पाठवतं, त्याला एनबी-आयओटी म्हणतात. पहिल्या प्रकारात कार्यालयाला महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच आकडा मिळतो. त्यामुळे गळतीचा इशारा ताबडतोब मिळेल अशी अपेक्षा त्या मीटरकडून ठेवू नका.

नोटीस आली की विचारायचं ते

फोनवर विचारलंत तरी नंतर चार ओळींचं पत्र किंवा ईमेल टाका, म्हणजे उत्तर लेखी राहतं. नवीन मीटर कुठल्या प्रकारचं आहे, आकडा किती वेळा जाणार, तो मला कुठे बघता येणार, हे तर विचाराच. पण माझ्या मते यापेक्षा महत्त्वाचे प्रश्न दोन आहेत.

पहिला: मीटर काढताना जुना पाइप तुटला तर दुरुस्ती कुणाची? गंजलेल्या लोखंडी पाइपाला पाना लावून जोर दिला की आटे तुटणं नवं नाही. जबाबदारीची रेघ कुठे आहे, मीटरच्या आधी, मीटरनंतरच्या पहिल्या जोडापर्यंत की घराच्या व्हॉल्व्हपर्यंत, हे प्रत्येक पाणीपुरवठा यंत्रणेच्या नियमांत ठरलेलं असतं. ते आधी वाचलं की पाणी वाहत असताना दारात वाद घालावा लागत नाही.

दुसरा: काढलेलं जुनं मीटर किती दिवस राखून ठेवणार? शेवटच्या बिलाबद्दल वाद झाला तर ते मीटरच तपासावं लागतं. भंगारात गेलं की विषय संपला.

आठवडाभर आधी: घरातली गळती स्वतः शोधा

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पैसे वाचवणारं आहे. नवीन मीटर येण्याआधी घरातलं ठिबकणं बंद झालं पाहिजे.

रात्री सगळे झोपायला गेले, नळ बंद झाले, धुण्याचं यंत्र थांबलं, टाकी भरून बॉलकॉक बंद झाला, की मीटरपाशी जा. काचेखाली आकड्यांशेजारी एक बारकी चकती असते, बहुधा लाल, चांदणीसारखी किंवा त्रिकोणी. गळती दाखवायलाच ती ठेवलेली असते. दोन मिनिटं नुसतं तिच्याकडे बघत राहा. ती थोडी पुढे, थोडी मागे अशी थरथरत असेल तर तो पाण्याच्या दाबातला चढउतार आहे, घाबरायचं कारण नाही. पण ती एकाच दिशेने, कितीही सावकाश, पुढे सरकत असेल तर घरात कुठेतरी पाणी जातंय.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चकती हललीच नाही असं वाटलं. मग काचेवर पेनाने एक ठिपका दिला आणि चांदणीचं एक टोक त्यावर धरलं. तीन मिनिटांनी ते टोक ठिपक्याच्या पलीकडे गेलं होतं. फ्लशच्या टाकीतलं रबर कडक झालं होतं आणि पाणी भांड्याच्या मागच्या भिंतीवरून इतकं पातळ उतरत होतं की डोळ्याला दिसत नव्हतं, हाताला मात्र भिंत गार आणि ओली लागत होती.

जुन्या मीटरची चकती जिथे हलतच नाही, तिथे दुसरा उपाय करा. फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे काही थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका, आणि भांड्यात रंग उतरतो का बघा. छतावर टाकी असेल तर ती भरल्यावर सांडव्याच्या नळीखाली कोरडं भांडं ठेवून या. बॉलकॉक नीट मिटत नसेल तर सकाळी भांड्यात पाणी असेल. हा बॉलकॉक मीटरला फसवणारा आणखी एक घटक आहे: टाकी भरत आली की तो हळूहळू मिटतो आणि शेवटचं पाणी इतक्या बारीक धारेने येतं की झिजलेला पंखा ते मोजत नाही. नवीन मीटर मोजतं. इथे गळती नसतानाही नोंदलेला वापर वाढतो, आणि तो वाढलेला आकडा खराच असतो.

गळती आहे पण सापडत नाही असं झालं तर घरात शिरतानाचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि पुन्हा चकती बघा. थांबली तर गळती घरात आहे. फिरतच राहिली तर मीटर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या, बहुधा जमिनीखालच्या, पाइपात आहे.

व्हॉल्व्ह बंद करताना तो खरंच बंद होतो का हेही कळेल. वर्षानुवर्षं न फिरवलेले व्हॉल्व्ह ऐनवेळी अडकतात किंवा दांडीपाशी गळू लागतात. हे आठवडाभर आधी कळलं तर प्लंबर बोलावता येतो. त्या दिवशी कळलं तर काम अर्ध्यावर टाकून माणूस निघून जातो आणि तुमची पाळी शेवटी ढकलली जाते.

त्या दिवशी

आलेल्या माणसाचं ओळखपत्र बघा, आणि शंका आली तर यंत्रणेच्या बिलावर छापलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करा. त्याने दिलेल्या क्रमांकावर नाही. मीटर बाहेर असेल तर घरात शिरायची गरज क्वचितच पडते. जागेवर पैसे मागितले तर नोटिशीत तसं लिहिलंय का ते आधी पाहा.

दोन-तीन तासांचं पाणी भरून ठेवा. गीझर बंद करा. धुण्याचं यंत्र, पाणी शुद्ध करायचं यंत्र यांचे नळ बंद ठेवा.

आता विजेची एक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत असते. जुन्या घरांत अर्थिंग लोखंडी किंवा तांब्याच्या पाण्याच्या पाइपाला जोडलेलं असू शकतं. मीटर काढलं की तो पाइप मध्येच तुटतो, आणि वायरिंगमध्ये दोष असेल तर दोन्ही टोकं एकदम धरणाऱ्याला जोरदार धक्का बसू शकतो. म्हणून जाणकार कर्मचारी पाइप सोडवण्याआधी दोन्ही बाजूंना क्लिप लावून जाड तांब्याची वायर टाकतो. तुमच्याकडे धातूचा पाइप असेल आणि त्याने तसं केलं नाही, तर नम्रपणे पण नक्की सांगा. नवीन मीटर प्लास्टिकचं असेल तर पाइपाची ही साखळी कायमची तुटते. मग अर्थिंगची स्वतंत्र सोय इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायला हवी. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर नळ सोडा, मुख्य स्विच पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

जुनं मीटर खाली काढलं की त्याचा आकडा कर्मचाऱ्यासोबत वाचा. त्याने कागदावर किंवा यंत्रात लिहिलेला आकडा आणि तुम्हाला दिसणारा आकडा एकच आहे ना, ते बघा. काळे आकडे घनमीटर दाखवतात, एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. लाल आकडे किंवा छोटे काटे त्याखालचे लिटर दाखवतात. ०४१७ हे काळे आणि ३८२ हे लाल असतील तर वापर ४१७ घनमीटर ३८२ लिटर. कुणी घाईत ते सगळे ओळीने ४१७३८२ असं टिपलं तर केवढा गोंधळ होईल याची कल्पना करा. असं होऊ शकतं.

नवीन मीटर बसण्याआधी त्याचाही फोटो घ्या. त्यावर शून्यच असेल असं नाही. कारखान्यात चाचणी घेताना थोडं पाणी त्यातून गेलेलं असतं, तेव्हा काही लिटर दिसले तर ते वावगं नाही. पण सुरुवातीचा आकडा नोंदीत तोच हवा. दोन क्रमांक टिपा: मीटरचा आणि रेडिओ मॉड्यूलचा. काही मीटरांत दोन्ही एकच असतात, काहींत वेगळे. हे दोन क्रमांक पुढे फार उपयोगाचे आहेत.

बसवताना मीटरवरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे का बघा. पंख्याचं मीटर आडव्या पाइपावर, तोंड वर करून बसलं पाहिजे. कलंडलेलं असेल तर बारीक धार मोजायची त्याची क्षमता घटते. जुने वायसर पुन्हा वापरू देऊ नका. वायसर नवे लागतात आणि ते स्वस्तच असतात.

पाणी सुरू करताना व्हॉल्व्ह सावकाश उघडला गेला पाहिजे. एकदम उघडला तर आत अडकलेली हवा आणि पाणी यांचा धक्का पाइपाला बसतो. मग न्हाणीघरातला किंवा बाहेरचा, तोंडाला जाळी नसलेला थंड पाण्याचा नळ उघडा आणि पाच-दहा मिनिटं वाहू द्या. आधी नळ फुत्कारेल, मग तांबूस पाणी येईल, मग स्वच्छ. नळाच्या तोंडाच्या जाळ्या काढून धुवा, गंजाचे कण तिथेच अडकतात. गीझर आणि शुद्धीकरण यंत्र सगळ्यात शेवटी.

जुन्या घरांत शिशाचे पाइप असण्याची शक्यता असेल तर एवढ्यावर थांबू नका. मीटर बदलताना पाइपाला बसलेल्या हादऱ्याने आतला थर सुटून शिसं पाण्यात येऊ शकतं. याच काळजीने शिकागो शहराने २०१९ मध्ये घरगुती मीटर बसवण्याचं काम थांबवलं होतं. अशा घरात पुढचे काही आठवडे पिण्याआधी पाणी वाहू द्या, पिण्या-रांधण्यासाठी फक्त थंड नळाचंच पाणी घ्या, लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर पाण्याची शिशासाठी चाचणी करून घ्या. उकळून शिसं जात नाही.

पुढचे दोन दिवस

जोडाखाली कोरडा टिश्यू किंवा वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. ओला डाग पडला असेल तर नट आवळायला स्वतः पाना घेऊ नका, सील तुटतं आणि दोष तुमच्या माथी येतो. फोटो काढा, कळवा.

गीझरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून आधी कधी न पडणारे थेंब पडायला लागले तर त्याचं कारण मीटर असू शकतं. अनेक नव्या मीटरांसोबत उलटा प्रवाह रोखणारी झडप बसवतात. पूर्वी गरम होऊन फुगलेलं पाणी थोडंसं मागे, मुख्य पाइपाकडे सरकायचं. आता ते सरकू शकत नाही, दाब वाढतो आणि सुरक्षा व्हॉल्व्ह आपलं काम करतो. तो व्हॉल्व्ह बुच मारून बंद करायचा विचारही करू नका. प्लंबरकडून विस्तारटाकी, म्हणजे फुगलेलं पाणी सामावून घेणारी छोटी टाकी, बसवून घ्या.

आकडा जुळतोय का: पहिला महिना

आता लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, मीटरचा फोटो काढा. त्याच दिवसाचा यंत्रणेच्या ॲपवरचा किंवा संकेतस्थळावरचा आकडा शेजारी लिहा. चार आठवडे पुरेत.

डिजिटल पडदा कोरा दिसला तर मीटर मेलं असं लगेच समजू नका. बॅटरी वाचवायला तो झोपतो. काहींचं झाकण उघडून उजेड पाडला की जागा होतो, काहींना बटण असतं. पडद्यावर आलटून पालटून निरनिराळे आकडे येतात: एकूण वापर, आत्ताचा प्रवाह, क्रमांक. एकूण वापराशेजारी घनमीटरचं चिन्ह असतं, तोच धरा.

ॲपवरचा आकडा काही तास मागे असणं नेहमीचंच. तफावत पुढील तीन प्रकारची असेल तर मात्र गप्प बसू नका.

एक, दोन्ही आकडे वाढतात पण फरक कायम तेवढाच राहतो. म्हणजे सुरुवातीचा आकडा चुकीचा भरला गेलाय. ही सगळ्यात साधी चूक, फोटो दाखवला की सुटते.

दोन, ॲपवरचा वापर दहापट किंवा एकदशांश दिसतो. काही मॉड्यूल मीटरचा आकडा वाचत नाहीत, नुसते स्पंद मोजतात. मीटर दर लिटरला एक स्पंद देत असेल आणि मॉड्यूलमध्ये दर स्पंदाला दहा लिटर भरलेले असतील तर तुमच्या एका बादलीच्या दहा बादल्या होतात. आकडा थेट वाचणाऱ्या, एन्कोडर पद्धतीच्या मीटरांत ही चूक सहसा होत नाही.

तीन, आणि हे मी स्वतः भोगलंय: दोन घरांचे क्रमांक अदलाबदल झालेले असतात. एकाच खड्ड्यात शेजारी शेजारी दोन मीटर होते, एकाच दुपारी बदलले. आम्ही आठ दिवस बाहेरगावी होतो, मुख्य व्हॉल्व्ह बंद करून गेलो होतो. परत आल्यावर ॲपवर बघितलं तर रोज सकाळी सहा ते आठ आमच्या घरात पाणी वाहत होतं. पहिला विचार आला तो पाइप फुटल्याचा. धावत जाऊन मीटर बघितलं, तर जायच्या दिवशी काढलेल्या फोटोतला आकडा आणि मीटरवरचा आकडा शेवटच्या लिटरपर्यंत एकच. मग शेजारच्या मीटरचा क्रमांक वाचला. तो आमच्या बिलावर छापलेला होता. आम्ही शेजाऱ्यांचं बिल भरत होतो आणि ते आमचं, हे कळायला एक फोटो पुरला, आणि तो नसता तर पुढची कितीतरी वर्षं कुणालाच कळलं नसतं. तुमच्याकडे शेजारी शेजारी मीटर असतील तर सुट्टीची वाट बघू नका. शेजाऱ्याला सांगून तुमचा व्हॉल्व्ह दोन-तीन तास बंद ठेवा आणि कुणाचा आकडा थांबतो ते पाहा.

पहिलं बिल फुगलं तर

आधी बिलाचा काळ बघा. ३० ऐवजी ४७ दिवसांचं असेल तर साहजिकच जास्त असेल. आधीची बिलं अंदाजाने काढलेली असतील तर राहिलेला सगळा वापर या एका बिलात आलेला असू शकतो. टप्प्याटप्प्याने वाढणारे दर असतील तर हा साठलेला वापर वरच्या टप्प्यात जातो आणि अन्याय होतो. तो वापर ज्या महिन्यांचा आहे त्यांत वाटून बिल काढा, असं लेखी मागा.

मग रोजच्या वापरात रात्री दोन ते चारचा आकडा बघा. तो कधीच शून्यावर येत नसेल तर गळती आहे. ताशी फक्त १० लिटर, म्हणजे पाव लिटरचा पेला दीड मिनिटात भरेल एवढी धार, दिवसाला २४० लिटर होते आणि तीस दिवसांत ७,२०० लिटर.

हेही नसेल आणि मीटरवरच संशय असेल तर बादलीची चाचणी करा. बादलीवर छापलेल्या लिटरवर विसंबू नका, वजन करा: एक लिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक किलो. रिकामी बादली तोला, भरलेली तोला. बाकी सगळे नळ बंद ठेवून किमान शंभर लिटर मोजा, कारण मीटर एकेक लिटरच दाखवत असेल तर दहा लिटरच्या चाचणीत एका लिटरची चूकही दहा टक्के दिसते. नेहमीच्या धारेला, थंड पाण्यावर, घरगुती मीटरला सहसा दोन टक्के कमीजास्त होण्याची मुभा असते; अगदी बारीक धारेला पाच टक्के. तुमच्या तोलण्यातली चूक धरून शंभराला तीन-चार लिटर इकडेतिकडे आले तर मीटर ठीक आहे. सात-आठ आले तर चाचणी आणखी दोनदा करा, आकडे लिहून काढा आणि अधिकृत चाचणी मागा.

खासगीपणा आणि रेडिओ

दर तासाचा पाणीवापर बघितला की घर कधी उठतं, कधी रिकामं असतं, किती माणसं राहतात याचा अंदाज येतो. म्हणून ही माहिती कोण बघतो, किती काळ साठवतात, दुसऱ्या कुणाला देतात का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. लोरावॅनसारख्या जाळ्यांत माहिती १२८ बिटांच्या एईएस पद्धतीने कूटबद्ध करून पाठवतात, तरी पुढे संगणकात ती कशी ठेवली जाते हा प्रश्न उरतोच. भाडेकरू बदलला किंवा घर विकलं की ॲपचा पासवर्ड लगेच बदला.

रेडिओलहरींबद्दल काळजी करणारे पुष्कळ भेटतात. बऱ्याच मॉड्यूलांची ताकद पंचवीस मिलिवॅटच्या आसपास असते आणि ते क्षणभरच बोलतात. कानाला लागलेला ४जी मोबाइल कमाल सुमारे दोनशे मिलिवॅटपर्यंत जातो. मोबाइलच्या जाळ्यावरचं मीटर तेवढ्याच ताकदीने बोलू शकतं, पण दिवसातून काही सेकंद, आणि तेही अंगापासून दूर.

खड्डा, झाकण आणि बॅटरी

मीटरच्या खड्ड्याला प्लास्टिकचं झाकण दिलं असेल तर मजबुतीसाठी लोखंडी बसवू नका. लोखंडाआडून रेडिओ जात नाही. खड्ड्यात पाणी साचलं तरी तेच होतं. झाकणावर गाडी, कुंडी, विटा ठेवू नका. कडाक्याच्या थंडीत पाणी गोठतं तिथे मीटरभोवती उष्णतारोधक आवरण हवं, पण धातूचा पत्रा किंवा चंदेरी कागद गुंडाळलेलं नको.

आतली लिथियम बॅटरी दहा ते पंधरा वर्षं टिकेल असं धरून बनवतात, आणि ती सीलबंद असते. प्रत्यक्षात कधी कधी तेवढी टिकत नाही. टोरोंटोमध्ये २०१० नंतर बसवलेले ट्रान्समीटर मोठ्या संख्येने मुदतीआधीच बंद पडले आणि अनेक घरांना अंदाजाची बिलं जाऊ लागली. अशा वेळी मीटर बहुधा मोजत असतं, फक्त बोलणं बंद झालेलं असतं. म्हणून बिलावर 'अंदाजे' किंवा 'सरासरी' हा शब्द दिसतो का, दरवेळी बघा. एकदा दिसला तर मीटरचा फोटो काढून तारखेसह पाठवा. सलग दुसऱ्यांदा दिसला तर फोटोसोबत मॉड्यूलचा क्रमांक लिहून दुरुस्तीची तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक त्याच बिलावर पेनाने टिपून ठेवा.